रंगात गेलेली घरपट्टी

बोरिवलीची आमची जागा चौथ्या मजल्यावर होती. लिफ्ट नाही. गुडघे गेले तेव्हा ती विकायला काढली आणि मुलुंडला तळमजल्यावर एक खोली बघितली. तिथला मालक म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत थांबतो. मग दुसऱ्याला देणार."

गिऱ्हाईक बरं मिळालं. नवरा-बायको, दोघंही नोकरीवाली. रजिस्ट्रेशनच्या आधी त्यांच्या वकिलाने घरपट्टीची पावती मागितली. माझ्याकडे कुठली पावती? अख्ख्या बिल्डिंगचं एकच बिल येतं. सोसायटी मेंटेनन्समध्ये आमच्याकडून पैसे घेते आणि महापालिकेत एकदम भरते. मी एकही महिना चुकवला नव्हता.

सेक्रेटरीला वर बोलावलं. तो चड्डीत फिरायचा तेव्हापासून मी त्याला बघतेय.

"मावशी, घरपट्टी थकलीय. ते पैसे बिल्डिंगच्या रंगाला गेले. सभेत ठरलं ना तसं."

"मी कुठे होते सभेत?"

"तुम्ही खाली उतरला नाहीत."

"उतरता आलं असतं तर जागा विकायला काढली असती का रे?"

तो हसला. एकट्या माझ्या जागेची भरता येत नाही म्हणाला, आणि गेला.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. त्यांना सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "काकू, तुमच्या वाट्याची थकबाकी किमतीतून कापतो. उद्या सोसायटी आमच्याच मागे लागणार."

ते खरं होतं. पण तेच पैसे मी दोनदा का द्यायचे?

"पहिल्यांदा आलात तेव्हा बिल्डिंग झकास ठेवलीय म्हणालात. रंग बघून भाव दिलात ना? मग रंग तुम्हाला आणि घरपट्टी मला?"

"रंग तुम्हीही बघताय की, काकू."

"मी घरात बसून आतली भिंत बघते. ती कोणी रंगवली नाही."

बायकोला हसू आलं. नवऱ्याला म्हणाली, "अहो, अर्धी-अर्धी करा ना. त्यांची मुलुंडची जागा जायची."

त्याने मान हलवली. मीही हो म्हटलं. वकिलाने करारात तसं लिहिलं आणि मी सही केली. अजून दोन दिवस भांडले असते तर कदाचित पूर्ण थकबाकी सुटली असती. पण महिना संपला असता आणि खोली गेली असती.

त्या पैशांचा राग अजून येतो. आला की पिशवी घेऊन भाजीला जाते. इथे मुलुंडला दाराबाहेर पाऊल टाकलं की रस्ताच आहे.