समासातलं फुलपात्र

कुंदाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी हिंजवडीच्या रस्त्यावर कंपनीच्या बसमध्ये अडकून पडलो होतो. फोन त्यांच्या धाकट्या बहिणीचा, शैलाताईंचा होता. "कुंदा गेली. सकाळी चहा प्याली, पेपर उघडला, आणि गेली," एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही ट्रॅफिकमध्ये असाल. घाई करू नका, ती आता कुठे जात नाही." सदाशिव पेठेतल्या या दोघी बहिणी अशाच बोलायच्या. सांगायला लाज वाटते, पण फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते कुंदाताईंचं शेवटचं बाड. ते मी कोरं परत केलं होतं...

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. कुंदाताई तीस वर्षं बुधवार पेठेतल्या एका प्रकाशनात मुलांच्या कादंबऱ्यांचं संपादन करत होत्या, आणि त्याच काळात त्यांनी मोठ्यांसाठी स्वतःच्या चार कादंबऱ्या लिहिल्या. बऱ्याच वाचकांना त्या कादंबरीकार म्हणूनच ठाऊक असतील. मला त्या भेटल्या संपादक म्हणून, बारा वर्षांपूर्वी. मी मूळचा हिंजवडीचा, आयटी पार्क येण्याआधीच्या हिंजवडीचा. लग्नानंतर कोथरूडला राहायला आलो, त्यामुळे रोज कंपनीच्या बसनं स्वतःच्याच गावाला नोकरीला जातो, हे सांगितलं की लोक हसतात. त्या बसमध्ये जाता-येता मी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली होती. गावच्या तळ्यातलं एक कासव, ते शोधणारे बहीण-भाऊ आणि कासव आहेच असं सांगणारे त्यांचे आजोबा. बाड पोस्टानं पाठवलं. पंधरा दिवसांनी एका ओळीचं पत्र आलं, की ऑफिसात या आणि मोठ्यानं वाचून दाखवा.

ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं आणि खाली लाउडस्पीकरचं दुकान. दिवसभर खालून "हॅलो, माइक टेस्टिंग" चालायचं. कुंदाताईंनी ती खिडकी कधी लावून घेतली नाही. त्यांचं म्हणणं असं, की घरात टीव्ही चालू असतो, कुकरच्या शिट्ट्या होत असतात, त्यातूनच मुलाला गोष्ट ऐकायची असते. गोष्टीनं तेवढ्यात तग धरला पाहिजे. मी वाचत होतो आणि त्या समोर बसून झेरॉक्स प्रतीच्या समासात पेन्सिलीनं मधूनमधून काहीतरी काढत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी ती प्रत माझ्याकडे सरकवली. पानापानावर पाणी प्यायची छोटी छोटी फुलपात्रं काढलेली, काठासकट, अगदी सुबक. मला वाटलं, बाईंना आपलं लेखन आवडलंय. मी चक्क आभार मानले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि खुलासा केला. तरुणपणी त्या शाळेत शिकवायच्या आणि शनिवारी शेवटच्या तासाला वर्गाला गोष्ट वाचून दाखवायच्या. गोष्ट जरा सैल पडली, की एक हात वर यायचा, "बाई, पाणी प्यायला जाऊ?" एकाला सोडलं की पाठोपाठ आणखी चौघं. "मूल कंटाळा आला असं कधी सांगत नाही, संदीप. त्याला तहान लागते," त्या म्हणाल्या. ज्या ओळीवर तहान लागेल, तिथे फुलपात्र. माझ्या पहिल्या कादंबरीत ती तेवीस निघाली.

पुढचे आठ महिने मी दर शनिवारी बुधवार पेठेत जात होतो. गावाच्या इतिहासाचं एक अख्खं प्रकरण गेलं, ज्यावर माझा फार जीव होता. आजोबांच्या तोंडी मी छान पुस्तकी भाषा घातली होती. कुंदाताईंनी विचारलं, की तुमचे आजोबा खरंच असं बोलतात का? मी म्हटलं, छे, ते म्हणतात, 'आरं, तळ्यात कासव हाय म्हंजी हाय.' त्या म्हणाल्या, "मग त्यांना बोलू द्या की. तुम्ही कशाला मधे पडता?" त्या एका वाक्यानं मी लेखक झालो असं मला आजही वाटतं. शेवटच्या खर्ड्यात दोनच फुलपात्रं उरली. तीही काढून टाकतो म्हटल्यावर त्यांनी अडवलं. राहू द्या, म्हणाल्या, मुलांनी थोडं पाणीही प्यायला पाहिजे.

स्वतःचं लेखन त्या सकाळी पाच ते सात करायच्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. सात वाजता शैलाताई चहाचं आधण ठेवायच्या, तेव्हा वही मिटायची, मग वाक्य अर्धं का असेना. अकराला ऑफिस, आणि तिथे स्वतःच्या कादंबरीचा शब्दही नाही. दुसऱ्याचं बाड समोर असताना आपलं डोक्यात ठेवणं हा त्यांना त्या लेखकाचा अपमान वाटायचा. एका समारंभात कुणीतरी मोठ्या आस्थेनं विचारलं होतं, की मुलांच्या पुस्तकांत एवढा वेळ गेल्यावर खऱ्या लेखनाला वेळ कसा मिळतो? कुंदाताई शांतपणे म्हणाल्या, "खोटं लेखन कुठलं ते सांगा, उद्यापासून बंद करते." विचारणारे गृहस्थ त्यानंतर बराच वेळ बटाटेवड्याकडे बघत होते.

मी मात्र त्यांना एकदा वेगळ्याच सुरात बोलताना ऐकलं. ऑफिस सुटल्यावर आम्ही चालत सदाशिव पेठेकडे निघालो होतो. त्यांच्या तिसऱ्या कादंबरीला नुकताच पुरस्कार मिळाला होता आणि मी अभिनंदन करत होतो. त्या मधेच थांबल्या. म्हणाल्या, तुमच्या कासवावर मी आठ महिने घालवले. माझ्या कादंबरीत मुद्रितशोधकानं ऱ्हस्व-दीर्घ बघितले, बस्स. मधली साठ पानं नायिका नुसती खिडकीत बसून आठवणी काढते. माझा वर्ग असता तर सगळी पोरं एव्हाना नळावर जाऊन आली असती. हे एकाही समीक्षकानं लिहिलं नाही, प्रकाशकानं म्हटलं नाही. मग रस्ता ओलांडता ओलांडता त्या म्हणाल्या, "लोक मला मान देतात आणि वाचत नाहीत." मी काहीतरी गुळमुळीत बोललो. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नव्हता.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय कुरकुर करू लागलं. डॉक्टरांनी जिने बंद केले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरातून त्या फारशा उतरल्याच नाहीत. एका रविवारी त्यांनी सुतळीनं बांधलेलं बाड माझ्यासमोर ठेवलं. त्यांची पाचवी कादंबरी, दोन बहिणींची. थोरली धाकटीचे सगळे निर्णय घेत आलेली असते आणि उतारवयात ते तिला उमगतं. वर टोक केलेली पेन्सिल ठेवली होती. "फुलपात्रं काढून आणा," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जी विनंती होती ती मी आधी कधी ऐकली नव्हती.

मी वाचलं. सुंदर होतं, काही पानं तर अशी, की बसमधून उतरायचं राहून जावं. पण काही ठिकाणी माझं लक्ष उडालं, हेही खरं. पेन्सिल हातात घेतली की हात थांबायचा. ज्या बाईंनी मला लिहायला शिकवलं त्यांच्या पानावर मी रेघ ओढायची? शेवटी मी पेन्सिल ठेवून दिली आणि दोन पानांचं पत्र लिहिलं, भारावलेलं. पुढच्या भेटीत त्यांनी पत्र न वाचताच बाजूला ठेवलं आणि बाडाचं पान अन् पान उलटलं, फक्त समास बघत. सगळे समास कोरे होते.

"एकदाही तहान लागली नाही?"

"नाही ताई. एका बैठकीत वाचलं," मी म्हणालो. हे खोटं होतं, आणि ते त्यांना कळलं.

त्यांनी सुतळी पुन्हा बांधली. "तुम्हाला तरी शिकवलंय असं मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर मी चार-पाच वेळा गेलो, दर वेळी ठरवून, की आज बाड परत मागायचं. त्या इतरांच्या पुस्तकांबद्दल भरभरून बोलायच्या, त्या विषयाला मात्र शिवायच्या नाहीत, आणि माझं धाडस व्हायचं नाही... मग तो फोन आला.

पंधरा दिवसांनी शैलाताईंनी मला बोलावलं आणि तेच बाड पुढे केलं, वर पेन्सिल. "तुम्हाला द्यायला सांगून ठेवलंय. पत्र नको म्हणाली." मी विचारलं, की तुम्ही वाचलंय का? त्यांना कुंदाताईंनी कधीच काही वाचायला दिलं नव्हतं. म्हणायच्या म्हणे, तू माझ्या प्रेमापोटी खोटं बोलशील. ते ऐकून माझी मान खाली गेली. मी म्हटलं, मी मोठ्यानं वाचतो, तुम्ही ऐका. तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. खिडकी उघडी ठेवतो. शैलाताई शेंगा सोलता सोलता ऐकतात. कुंदाताईंची आठवण येऊन मधेच त्यांचे डोळे भरतात, तेव्हा मी थांबतो. एरवी "यातली धाकटी फारच मुकाट्यानं सोसते, मी नव्हते हो अशी" असे शेरेही येतात.

गेल्या रविवारी थोरल्या बहिणीच्या प्रवासाचं वर्णन आलं. याच पानांवर माझं लक्ष उडालं होतं. मी वाचत राहिलो. दुसरं पान संपता संपता शैलाताई खुर्ची मागे सरकवून उठल्या, माठाशी गेल्या, पाणी प्यायल्या. येताना माझ्यासाठीही फुलपात्र भरून आणलं आणि टेबलावर ठेवलं. मी वाचायचा थांबलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या फुलपात्राकडे, मग उघड्या पानाकडे. खिडकीतून खालच्या स्कूटरचा आवाज येत होता.

"काढा," शैलाताई म्हणाल्या.

मी पेन्सिल उचलली आणि समासात काढलं. माझा हात काही कुंदाताईंसारखा नाही. शैलाताईंनी वाकून, चष्मा सारखा करून पाहिलं.

"बादली झालीये," त्या म्हणाल्या. "चालेल तिला. पुढे वाचा."