साक्षीदाराचं पुढे काय झालं

नोकरीतली पहिली सहा वर्षं मी धडगावला काढली. कचेरीच्या अभिलेख कक्षात माझी नेमणूक होती. जुन्या नस्त्या रुमालात बांधायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि कोणी मागितली की काढून द्यायची, एवढं काम. संध्याकाळी कचेरीला कुलूप लागलं की गावात माझ्याशी बोलेल असं कोणी नसायचं. बाजारातल्या आदिवासी बायका पावरी बोलीत बोलायच्या, ती मला येत नव्हती, आणि माझी अहिराणी ऐकून त्यांना हसू यायचं.

शेजारच्या क्वार्टरमधले इंजिनियर बदली होऊन गेले तेव्हा रद्दीत द्यायचे इंग्रजी मासिकांचे दोन गठ्ठे माझ्या दाराशी ठेवून गेले. त्यातल्या एका अंकात उडत्या तबकड्या जमिनीवर उतरल्याच्या घटनांची यादी होती. गोष्टी नव्हत्या, नुसती यादी. ठिकाण, वेळ, पाहणारा कोण, वस्तूचा आकार, आतून कोणी बाहेर आलं का, आलं असेल तर उंची किती, अंगात काय, जमिनीवर काही खूण राहिली का. एका घटनेला तीन-चार ओळी, पुढे क्रमांक, पुढची घटना. ते वाचताना मला आमच्या आवक नोंदवहीची आठवण झाली. इतक्या विचित्र गोष्टी कोणीतरी इतक्या शांतपणे जागच्या जागी लावत बसलं होतं, याचंच मला नवल वाटलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी कोरी कार्डं विकत आणली आणि ती यादी मराठीत उतरवायला घेतली.

ते काम आजही चालू आहे. बदली होऊन नंदुरबारला आले, आई होती तोवर तिचं करता करता लिहिलं, ती गेल्यावर वेळच वेळ झाला. पुढे मोबाइल आला, इंटरनेट आलं, आणि फ्रान्स, ब्राझील, इटली, कुठकुठल्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या नोंदी घरबसल्या मिळू लागल्या. निवृत्त झाले तेव्हा लाकडी खणांचं एक कपाट करून घेतलं. ‘आतले’ असं एका रकान्याचं नाव मी ठेवलं. त्यात त्यांचं सगळं येतं. बहुतेक वेळा ते ठेंगणे असतात. कधी अंगाला घट्ट बसलेला पोशाख, कधी डोक्यावर काचेसारखं भांडं. ते झाडांची पानं तोडतात, माती उचलतात, आपलं वाहन दुरुस्त करतात. माणूस दिसला की घाईने आत शिरतात. ‘पाहणारे किती’ हाही एक रकाना आहे. आतल्यांना अगदी जवळून पाहिल्याच्या नोंदी काढल्या की त्या रकान्यात बहुधा एकच आकडा असतो, एक. माळावर एकटा गुराखी, रस्त्याच्या कडेला एकटा मोटारवाला, शेतात एकटी बाई.

मला लोक विचारतात, म्हणजे पूर्वी विचारायचे, की हे सगळं खरं मानता का. मी सांगायचे की नस्ती सांभाळणाऱ्याने नस्तीतलं खरं-खोटं करायचं नसतं, ती जागेवर आहे की नाही तेवढं पाहायचं असतं. हे उत्तर मला फार आवडायचं.

आबांबद्दल मला एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात कळलं. जेवताना कोणीतरी गंमत म्हणून सांगितलं, की शहाद्याकडच्या तापीकाठच्या एका गावात एक म्हातारे आहेत, त्यांच्या केळीत विमान उतरलं होतं म्हणे, आतून दोन माणसं आली आणि यांनी त्यांना पाणी पाजलं. गावात त्यांना विमानवाले आबा म्हणतात. सगळे हसले. मी गावाचं नाव विचारून घेतलं. इतक्या वर्षांत माझ्या कपाटात आपल्या जिल्ह्यातलं एकही कार्ड नव्हतं.

मी फोन न करताच गेले. एसटीतून उतरून पुढे रिक्षा केली. आबा गुजर शेतकरी, पंच्याहत्तरीच्या आसपासचे, अंगाने उंच आणि ताठ. घरात ते आणि एक स्वयंपाकाची बाई. मुलगा सुरतला होता. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मी कशासाठी आले ते सांगितलं. मी वर्तमानपत्रातली आहे का, मोबाइलवर दाखवणार आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं.

मी माझे प्रश्न एकामागोमाग विचारले आणि त्यांनी मोजक्या शब्दांत उत्तरं दिली. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळा, भर दुपार. गडी जेवायला गेले होते आणि ते एकटेच केळीत पाण्याची दारं पाहत होते. बांधापलीकडच्या मोकळ्या जागेत काहीतरी उभं दिसलं, पितळी हंडा पालथा घालावा तसं, बैलगाडीएवढं. त्याच्या पुढ्यात दोन जण. उंची शाळकरी मुलाएवढी, अंगात राखी कपडे. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पण ते कसं होतं ते सांगता येत नाही. मग आबांनी आपल्या कळशीतलं पाणी त्यांना दिलं, ते प्यायले आणि निघून गेले. हे शेवटचं वाक्य त्यांनी भराभर सांगितलं. मी ‘आतले’ या रकान्यात लिहिलं, ‘साक्षीदाराने दिलेले पाणी प्यायले.’ परदेशातही अशा एकदोन नोंदी आहेत, त्यामुळे ते लिहिताना मला मनातून बरं वाटलं.

निघताना त्यांनी विचारलं की त्यांच्यासारखे आणखी किती आहेत. मी म्हटलं, पुष्कळ. त्यांना त्यांच्या गोष्टी ऐकायच्या होत्या. त्या दिवशी बस गाठायची होती म्हणून मी त्यांना माझा पत्ता लिहून दिला.

ते खरंच आले. दर पंधरा दिवसांनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंदुरबारला यावं लागे. दवाखान्यातून ते रिक्षाने माझ्याकडे येत आणि परतीच्या बसपर्यंत थांबत. मिरचीचे दिवस होते. मिरच्या वाळत घातलेल्या पथारीवरून वारा आला की ते दारातच ठसकत, पाणी पीत, आणि खुर्चीवर बसून म्हणत, वाचा. मी खण उघडून कार्डं वाचायचे. आईनंतर माझ्या घरात इतका वेळ मोठ्याने कोणी बोललं नव्हतं. मला माझाच आवाज वेगळा वाटायचा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून मी आदल्या दिवशीच कार्डं निवडून ठेवू लागले, भाकरी-ठेचाही करून ठेवू लागले.

एकदा मी त्यांना एका शेतकरीण बाईची नोंद वाचून दाखवली. ती सकाळी गायींची धार काढायला गेली, गोठ्यामागे उतरलेलं यान दिसलं, दोन आतले तिच्याकडे पाहत उभे राहिले, मग यान उडालं. गवत जळाल्याचं वर्तुळ. वर्तुळाचा व्यास. पुढचं कार्ड घेणार तोच आबा म्हणाले,

“तिन्हं पुढे काय व्हयनं?”

तिचं पुढे काय झालं. मी कार्ड उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. त्यांना ते पटेना. घरच्यांनी तिला काही म्हटलं का, गावातल्यांनी तिला चिडवलं का, ती पुन्हा त्या गोठ्यात जाऊ शकली का, एवढं तर कोणी विचारलं असेल. मी दुसरं कार्ड काढलं, तिसरं काढलं. आतल्यांचे हातमोजे होते, बुटांचा रंग होता, यानाच्या पायांचे जमिनीत उमटलेले खड्डे सेंटीमीटरमध्ये होते. ज्याने पाहिलं त्याचं पुढे काय झालं याला मुळात रकानाच नव्हता. आणि मूळ यादीत नव्हता म्हणून मीही इतक्या वर्षांत केला नव्हता.

त्या आठवड्यात मी दुसरं काही केलं नाही. प्रत्येक कार्डाच्या मागे तो रकाना आखला आणि जे सापडेल ते शोधायला बसले. फार थोडं सापडलं. एकाने शेत विकलं. एकाची नोकरी गेली. एक जण म्हातारपणापर्यंत त्याच जागी रोज जाऊन उभा राहायचा, असं त्याच्या मुलीने सांगितलेलं. बाकी सगळे रकाने रिकामे राहिले. पुढच्या खेपेला मी ही तीन कार्डं आबांना वाचून दाखवली. त्या दिवशी ते थोडंच जेवले. बसची वेळ झाली तरी उठले नाहीत, आणि मग त्यांनी विचारलं की त्यांचं स्वतःचं कार्ड कुठे आहे.

मी ते काढून त्यांच्या हातात दिलं. डोळ्यांत औषध घातल्याने त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मला वाचायला सांगितलं. मी पाण्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

“मी पाणी दिधं नही, ताई,” ते म्हणाले. “मी पयी गऊ.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते दोघे खरंच उभे होते, एवढं ते आजही शपथेवर सांगतील. पण त्या दोघांनी मान वळवून पाहिलं आणि आबा कळशी टाकून जे पळाले ते थेट घराच्या ओसरीवर. बायकोने अंगावर गार पाणी शिंपडलं आणि सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही, घाबरलीही नाही. तिने एवढंच विचारलं, की इतक्या उन्हात उभी होती माणसं, त्यांना पाणी तरी विचारलंत का. आबांना खाली पाहावं लागलं. भरलेली कळशी हातात असताना ते पळाले होते. ते म्हणाले, हो, पाजलं.

तिने ते धरून ठेवलं. गाव विमानाला हसायचं तेव्हा ती म्हणायची की कोण आलं ते सोडा, आमच्या शेतात येऊन कोणी तहानलेलं गेलं नाही. सून घरात आली तेव्हा तिलाही पहिल्यांदा हेच सांगितलं. शेवटी दवाखान्यात होती तेव्हा नर्सला सांगत होती की माझा माणूस असा आहे. आबा कॉटजवळच्या स्टुलावर बसून ऐकत होते. तेव्हा बोलायचं होतं, पण तिच्या तोंडाकडे पाहून बोलवेना.

“तुमी इतलं इचारीसन लिखतंस,” ते म्हणाले. “तठे तरी खरं ऱ्हाऊ द्या.”

आमच्या खात्यात खाडाखोड चालत नसे. चूक झाली की शब्दावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. मी पाण्याच्या वाक्यावर तशी रेघ मारली, पुढे लिहिलं, ‘साक्षीदार घाबरून पळाला’, आणि सही केली. त्यांनाही करायला सांगितली. औषधाचा असर आता उतरत आला होता; त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि म्हणाले की खालचं अजून दिसतंय. मी म्हटलं, तसा नियम आहे, पण तुम्ही म्हणाल तर दुसरं कोरं कार्ड लिहिते.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “ते तिन्हं शे.” तिचं. आणि त्यांनी रेघेशेजारी सही केली.

मी त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेले. एरवी जात नसे. घरी आल्यावर हे कोणाला तरी सांगावं असं मला फार वाटलं. मी फोन हातात घेतला, नावं वर-खाली केली. गॅसवाला, बँक, मामेबहिणीचा जुना नंबर. पुन्हा फोन ठेवून दिला आणि भांडी घासली.

त्यानंतर आबा दोनदा आले. दोन्ही वेळा मोकळे वाटले, एकदा तर मी वाचत असताना खुर्चीतच झोपले. मग मुलाने त्यांना सुरतला नेलं. डोळ्यांचं ऑपरेशन तिथे करणार होते. मी फोन करायचे तेव्हा सून उचलायची, प्रेमाने बोलायची, आबा झोपलेत म्हणायची. एकदा ते स्वतः फोनवर आले. अकराव्या मजल्यावर घर आहे, खाली बघवत नाही म्हणाले. मग आवाज बारीक करून सांगितलं, की मुलाला खरं सांगून टाकलं, पाण्याचं. मुलगा काय म्हणाला, मी विचारलं. आबा म्हणाले, तो म्हणाला, बाबा, कोणतं पाणी? त्याला काहीच आठवत नव्हतं. ते हसले, मीही हसले, आणि फोन ठेवला.

आबा सुरतलाच राहिले. या उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी जाऊन आले. त्यांनी सांगितलं होतं त्या खुणांवरून ती मोकळी जागा शोधली. तिथे आता ऊस आहे. मी बांधावर छत्री घेऊन उभी राहिले. काही दिसेल म्हणून नव्हे. ती जागा नोंदवायची राहिली होती, घरापासून किती पावलं, कोणत्या दिशेला. एवढ्या उन्हात एवढं अंतर पळणं सोपं नव्हतं, हे मात्र कळलं. खुरपणीला आलेल्या एका बाईने लांबून मला पाहिलं आणि जवळ येऊन विचारलं, कोणाकडे आलात. मी आबांचं घर दाखवलं. ती म्हणाली, त्याला कुलूप आहे, आता कोणी येत नाही. आणि मग, तुम्ही त्यांच्या कोण?

ओळखीची, असं मी म्हणाले. तिने मान हलवली, रिक्षा कुठे मिळेल ते सांगितलं आणि पुन्हा उसात शिरली.