मोराचं पीस आणि मिटलेले डोळे

जीपमधून फिरणाऱ्या माणसाच्या अंगावर धूळ साचते, तसेच किस्सेही साचतात. धूळ निदान संध्याकाळी नळाखाली जाते, म्हणजे नळाला पाणी असलं तर! किस्से जात नाहीत. आता म्हातारपणी दुपारी पडल्या पडल्या डोळा लागतो, की एकेक करून उशाशी येऊन बसतात.

मी उस्मानाबाद जिल्ह्यात कुष्ठरोग तपासणीच्या पथकात होते. पथक म्हणजे काय, तर मी, ड्रायव्हर शेखचाचा, आणि नंतर आमच्यात आलेले डॉक्टरसाहेब. पुढं ऐंशीचं दशक संपता संपता देशात एड्स नावाचा नवा आजार आल्याचं कानावर आलं, आणि तो गावोगाव समजावून सांगायचं कामही आमच्याच गळ्यात पडलं. मला जीपमध्ये बसलं की झोप यायची. त्यामुळं यातलं निम्मं मी स्वप्नात बघितलंय, असं चाचा चिडवायचे. घडलंय सगळं! दिगूचं तर नक्कीच. दिगूला हा नवा आजार झाला होता, आणि त्याची आई त्याला हात लावत नव्हती. पण ते शेवटी सांगते, आधी बाकीचं ऐका.

*

कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही. म्हणून आम्ही माणसाला डोळे मिटायला लावायचो, अंगाला हलकंच काहीतरी टेकवायचो, आणि जिथं लागलं तिथं त्यानं बोट ठेवायचं. सरकारी पद्धत कापसाची. पण चाचांना एकदा येडशीच्या रानात, रामलिंगाच्या वाटेवर, गळून पडलेलं मोराचं पीस सापडलं. तेव्हापासून कापूस पेटीतच राहिला. पोरं तर तपासणीसाठी रांगेत भांडायची, "मला आधी! मला आधी!"

मोठी माणसं मात्र भ्यायची. रोग निघाला तर गाव वाळीत टाकेल, म्हणून डोळे किलकिले ठेवायची आणि पीस कुठं येतंय ते चोरून बघायची. एका गावात दूध सोसायटीचे चेअरमन बसले. डोळे गच्च मिटले, आणि लगेच बोट नाचवायला लागले, "हितं कळलं! हितं बी कळलं! ह्या खांद्याला तर लई कळलं!"

मी म्हटलं, "चेअरमनसाहेब, मी अजून पीस लावलंच नाही!"

चेअरमन जराही डगमगले नाहीत. "मग लावा की आता. म्या कुठं कुठं कळतंय ते आधीच सांगून ठेवलंय!"

*

बहात्तरच्या त्या मोठ्या दुष्काळात मी नवीन होते, डॉक्टरसाहेब यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. खडी फोडायच्या कामावर जाऊन बायकांची तपासणी करायची होती. वर आभाळ पांढरंफटक, खाली खडी पांढरी, आणि मधे हातोड्यांचा तो एकसारखा आवाज. ऐकता ऐकता मलाच गुंगी यायची.

बाभळीखाली एका बाईला बसवलं. म्हटलं, "मावशी, डोळे मिटा." तिनं मिटले. मी हाताला पीस लावलं. बोट नाही. गालाला लावलं. बोट नाही. मी घाबरले, एवढा रोग पसरलाय की काय! तेवढ्यात मावशी बारीक घोरायला लागल्या.

मुकादम ओरडत आला. मी त्याला म्हटलं, "गप बसा, तपासणी चालू आहे." आणि बराच वेळ मी पीस हातात धरून नुसती बसून राहिले. त्यांच्या पापण्यांवर खडीची धूळ बसली होती. मला फार बरं वाटत होतं, का ते तेव्हा कळलं नाही.

मावशी जाग्या झाल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "रोज येत जावा, बाई. डोळं मीट म्हननारं सरकार पयल्यांदाच भेटलं बघा!"

*

आता नव्या आजाराचं. डॉक्टरसाहेब तरुण, पुण्याकडून शिकून आलेले. ग्रामपंचायतीसमोर गाव जमलं की ते खड्या आवाजात सांगायचे, "हा आजार कशानं होतो?" आणि मग निरोध हा शब्द येईपर्यंत त्यांचे कान लाल व्हायचे. तो भाग भराभर उरकून ते कशानं होत नाही त्यावर यायचे. तिथं मात्र गडी रंगात यायचा.

"शिवल्यानं होत नाही! शेजारी बसल्यानं होत नाही! एका ताटात जेवल्यानं होत नाही! एका हापशाचं पाणी प्यायल्यानं होत नाही!"

एकदा असं चाललं असताना मागून एक म्हातारे बाबा उठले. आमच्याच समाजाचे, बौद्ध दीक्षा घेतलेले. काठीवर हनुवटी टेकवून शांतपणे म्हणाले, "साहेब, भाषण लई झ्याक. पन जरा उशीर झाला. आमच्या आज्याच्या टायमाला यायला पायजे हुतं तुमी!"

डॉक्टरसाहेबांना कुठं बघावं कळेना. पहिले हसले चाचा, मग मी. हसता हसता माझे डोळे भरून आले, कारण माझ्या आज्याच्या वेळी हापसा नव्हता, विहीर होती, आणि तिला तो कधी शिवू शकला नव्हता.

*

सोनारीच्या यात्रेत एक गोंदणारी बाई बसायची. एकच सुई, आणि समोर पोरींची रांग. रक्तातून आजार जातो, म्हणून आम्ही तिला समजावलं, की दर पोरीला सुई बदल, आणि वापरलेली पाण्यात चांगली उकळून घे. चाचांनी घरचा जुना स्टोव्हही आणून दिला.

पुढच्या वर्षी गेलो, तर स्टोव्ह भरभरत होता आणि भोवती हीऽ गर्दी. चाचा खूश! जवळ जाऊन बघतो, तर बाई चहा विकत होती.

"आन सुया?" चाचांनी विचारलं.

"गोंदन सोडलं की! तुमीच म्हनलाव, उकळल्याबिगर कायबी द्यायचं न्हाय!"

*

मुरूमच्या बाजारात तर एका कापडवाल्यानं आमची विकेटच घेतली. डॉक्टरसाहेबांचं भाषण संपलं, तसा तो म्हणाला, "साहेब, एवढं सांगताव, पन पेशंट बघितलाव का कंदी?"

साहेब खरं बोलणारे. म्हणाले, "नाही."

"मग आमाला नमुना न दाखवता माल खपवताव व्हय!"

बाजार हसला. परतताना जीपमध्ये मला झोपही आली नाही.

*

तो नमुना त्याच रस्त्याला, मुरूमच्या अलीकडं, एका शेतातल्या गोठ्यात बसला होता. महिन्याभरानं निरोप आला आणि आम्ही गेलो. दिगू. घरची मेंढरं सोडून ट्रकवर गेलेला. मुंबईच्या दवाखान्यात रक्त तपासून आजार पक्का झाला, आणि तो घरी आला. आई भाकरी दगडावर ठेवायची आणि मागं सरकून उभी राहायची. तो आला तेव्हापासून अशीच.

डॉक्टरसाहेबांनी तिला सगळं सांगितलं. शिवल्यानं होत नाही, आजी. अगदी हळू आवाजात सांगितलं. म्हातारी मान हलवत राहिली.

"व्हय साहेब, कळतंय मला. पन हात म्होरं जात न्हाय."

दुपार कलली होती. दिगूचं लक्ष माझ्या पिशवीतून वर आलेल्या पिसाकडं गेलं. म्हणाला, "बाई, लहानपनी शाळेत तुमी तपासलं हुतं मला. आता बी तपासा की."

म्हटलं, "अरे, ते वेगळ्या रोगाचं. तुला नाही लागत."

"तपासा की वो."

त्यानं डोळे मिटले. मी कपाळाला पीस लावलं.

"न्हाय कळलं. परत लावा."

गालाला लावलं. पापणी थरथरली, ती मी बघितली.

"न्हाय कळलं. परत."

म्हातारी दगडापाशी उभी होती. ती घाबरीघुबरी झाली. "आगं बाई, ह्येला कळंना बी झालं का?" म्हणत पुढं आली आणि माझ्या हातातून पीस ओढून घेतलं. लांबूनच, हात ताणून, त्याच्या गालाला लावलं. "आता, दिगू?"

"न्हाय कळलं."

ती आणखी जवळ सरकली. "आता रं?"

"न्हाय, आये."

तिनं पीस फेकून दिलं. दोन्ही तळवे त्याच्या तोंडावर ठेवले, असे दाबून, की नाक चेंगरलं. "आन ह्ये? ह्ये बी न्हाय कळत का रं, लेकरा?"

दिगूनं डोळे उघडले नाहीत.

"न्हाय कळलं, आये," तो म्हणाला. "परत कर."