तंबाखूच्या वखारीतला घास

अक्का जाऊन आठवडा झाला होता. माझी थोरली बहीण. ती निपाणीची, आणि मी मुलाकडे अमेरिकेत, हर्नडनला आलेली. तिकीट काढून पोहोचेपर्यंत सगळं आटोपलंच असतं, म्हणून गेले नाही. आमच्याकडे घरात कोणी गेलं की चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात आणतात आणि दुःखातल्या माणसाला बळेबळे पहिला घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. हर्नडनला शेजारचं दार कायम बंद. मला कोणी घास दिला नाही. तेव्हापासून अन्न गिळायचं म्हणून गिळत होते. अक्काच्या मुलीला, सुमीला, फोनसुद्धा केला नव्हता. कुठल्या तोंडाने करणार?

माझा मुलगा समीर आधीच ठरलेली ट्रिप कॅन्सल करायला निघाला होता. मीच म्हटलं, चल बाबा, इथे भिंती बघत बसून काय करू?

नॉर्थ कॅरोलिनात शिरल्यावर दुतर्फा पाइनची झाडं, मधूनच लाल माती, घडीघडीला एखादं चर्च. मला काही बघावंसं वाटत नव्हतं, खरं सांगते. एका लहानशा गावात समीरने गाडी थांबवली. समोर विटांची जुनी तंबाखूची वखार. आत आता सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण मिळतं. तंबाखू हलून कितीतरी वर्षं झाली, पण लाकडी तुळयांमधून वास गेलेला नाही. लहानपणी अक्का आणि मी अशाच वखारीत बोदांमागे, तंबाखूच्या मोठाल्या गाठोड्यांमागे, लपायचो. दारातच माझा पाय अडला.

काउंटरमागे मिस अर्लीन होत्या. इथे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी 'मिस' लावतात. भाज्यांच्या यादीत मॅकरोनी-चीज, आणि खऱ्या पालेभाजीत डुकराचं मांस! समीरने विचारलं म्हणून वाचले. शेवटी माझ्यापुढे ग्रिट्स (लोणी घातलेल्या मऊ कण्या, मक्याच्या) आणि बिस्किट (जाड, पापुद्र्यांचा गरम पाव) आलं.

काउंटरच्या कडेला झाकलेल्या भांड्यांची रांग होती. प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर कुणाकुणाचं नाव. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना समीरने विचारलं. ते हळू आवाजात म्हणाले, काल अर्लीनच्या बहिणीला पुरलं. गावातल्या घराघरांतून अन्न आलंय, भांडी परत कुणाला द्यायची ते कळावं म्हणून नावं. पण ही पहाटेच येऊन पाव भाजायला लागली आणि स्वतः घासभरही खाईना.

मी माझा कण्यांचा वाडगा उचलला. अजून हात लावला नव्हता, म्हणजे उष्टं नव्हतं.

"आई, नको ना, त्यांना ऑड वाटेल," समीर म्हणाला. मी कुठली ऐकतेय!

काउंटरमागे जाऊन मिस अर्लीनचा हात धरला आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, माझीही बहीण गेली. मग मराठीतच म्हणाले, "बस. एवढा घास खा."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग स्टुलावर बसल्या आणि तोंड उघडलं. घास गिळायला त्यांना फार वेळ लागला. डोळे पुसून त्यांनी त्याच वाडग्यातून दुसरा चमचा भरला आणि माझ्यासमोर धरला. "आता तुम्ही, हनी."

उष्टं-बिष्टं कोण बघतो तेव्हा! कण्या घशाखाली उतरल्या आणि मी काउंटरवर डोकं टेकून रडले. अक्का गेल्यापासून पहिल्यांदाच. मिस अर्लीन पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. गिऱ्हाईकं थांबली.

पुढे आम्ही समुद्रही पाहिला, पण सांगण्यासारखं एवढंच. हर्नडनला परतलो तेव्हा निपाणीत उजाडलं होतं. बॅगा तशाच ठेवून मी सुमीला फोन लावला. बराच वेळ आम्ही दोघी नुसत्याच रडलो. मग विचारलं, "कडू घास कोणी दिला गं तुला?"

"शेजारच्या काकूंनी. आणि मावशी, तुला तिकडे कोण देणार?"

"दिला गं," मी म्हणाले. "तिचीही बहीण गेली होती."