ट्यूबचा निकाल आईने दिला

मित्रांनो, गाण्यांचा आवाज वाढवणाऱ्या माझ्या प्रीअ‍ॅम्पची जुनी व्हॅक्यूम ट्यूब गेली. तिच्या जागी चालतील अशा दोन आज घरी आल्या, पण ठेवायची एकच होती.

टेस्टला पप्पांची कॅसेट लावली. तरुणपणी ते काळाचौकीत भीमगीतं गायचे.

पहिली ट्यूब एकदम स्मूद! मी तर फिदा. आई बोलली, "कोण गातोय हा?"

"अगं, पप्पा!"

"छे! तुझा बाप एवढा गोड कधी गायला?"

दुसरी लावली. आवाज खरखरीत, वरच्या सुराला घसा ताणलेला. आई हसायलाच लागली. "हां, हाच तो! याच्यासाठी मी पहिल्या रांगेत बसायचे."

शेजारीच बसलेले पप्पा लाजून गॅलरीत पळाले.

दुसरीच ठेवली. तुमच्या घरी असा कान कुणाचा आहे?