शेजारच्या तंबूतला खोकला

नदीकाठचा तो कॅम्प पावसाळ्याआधी गुंडाळून नेतात. त्यामुळे तिथे भिंती नव्हत्याच, नुसतं कापड. सकाळच्या सफारीहून येऊन मी आणि ताई तंबूत पडलो होतो. तेवढ्यात शेजारच्या तंबूत कुणीतरी खोकलं. आधी दोनदा कोरडं, मग जरा थांबून एकदा खोल. अगदी बाबांसारखं. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचे फोटो घरात पुष्कळ आहेत, पण खोकला कोण जपून ठेवतं?

ताई उठून बसली. "ऐकलंस?"

"हो."

"बघून येतोस?"

मी चपला घातल्या आणि दाराशीच थांबलो. बाहेर गेलो असतो तर दुसराच कुणी माणूस दिसला असता.

"राहू दे," ताई हळूच म्हणाली.

मग पुन्हा ऐकू येईल म्हणून आम्ही दोघं कितीतरी वेळ गप्प बसून राहिलो.