हत्याराला कुंकू

मी काय काम करतो हे तासगावात सांगायची सोय नव्हती. फुटणाऱ्या ताऱ्यात नवी मूलद्रव्यं कशी तयार होतात ते मोजतो, असं म्हटलं की समोरचा विचारायचा, "पगार देत्यात का रं त्येचा?" वडील परस्पर सांगून मोकळे व्हायचे, "बाँबच्या खात्यात हाय."

काम तसं आडदांडच. धातूच्या पातळ वर्खावर यंत्रातून कणांचा मारा करायचा आणि ताऱ्याच्या पोटात होते ती अभिक्रिया इथं किती होते ते मोजायचं. यंत्र दिल्लीत, आणि त्याची पाळी पाटाच्या पाण्यासारखी. चुकली की बसा वर्षभर बोंबलत. त्या साली माझी पाळी दसऱ्याला लागूनच आली. चौकटीत ताणलेले तीन वर्ख मुंबईत करून घेतले होते, फुंकरीनंही फाटतील असे. दिल्लीला जाण्याआधी सणाला घरी आलो, वर्खांची डबी कपाटात ठेवली आणि आंघोळीला गेलो.

नेमकी खंडेनवमी. बाहेर येऊन बघतो तर पाटावर छाटणीच्या कात्र्या, औषधाचा पंप, विळा आणि शेवटी माझ्या चौकटी! पहिल्या वर्खातून आईचं बोट आरपार गेलेलं. दुसऱ्यावर हळदीकुंकू, तोही चिरलेला. तिसऱ्याकडं बोट निघालं होतं.

"आगं आये, थांब!" मी ओल्या अंगानंच किंचाळलो.

"वरडतोस कशाला? तुजं हत्यार हाय न्हवं? सगळ्यांच्या हत्याराला कुंकू, आन् तुजं तेवडं भुंडं ठिवायचं व्हय?"

"हा पण फाटला तर वर्ष गेलं माझं!" असला संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. आईनं बोट पदराला पुसलं, मग त्याच पदरानं डोळे पुसले आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

दिल्लीत रोज वाटायचं, आज फाटणार. पण तो बिनकुंकवाचा गडी लय चिवट निघाला. मोजणी पुरी झाली, हवा तो आकडा हातात आला, आणि मी घरी फोन लावला.

"टिकला का रं त्यो?" आईनं आधी हेच विचारलं.

"टिकला. पण तुझ्या कुंकवानं वाट लावली असती. त्यात चुना असतो, चुन्यात कॅल्शियम. ते मोजणीत घुसलं असतं तर सगळं मुसळ केरात."

"आन् त्ये कॅलशम कुटनं आलं म्हनायचं?"

"तेही असल्याच फुटलेल्या ताऱ्यांतनं, त्या वर्खाच्या धातूसारखं."



"मग त्येच्या म्हायेरचंच लावलं की रं मी," आई म्हणाली. "उगं रडीवलंस मला."